ढेकूण झालेत? लपवू नका, आधी रूममेटला सांगा आणि मग मालकाला

मागच्या अंकात भाड्याच्या घरातल्या ओलीबद्दल लिहिलं होतं आणि शेवटी म्हटलं होतं की ढेकूण, झुरळं, वाळवी याबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा. झुरळांबद्दल कोणी फारसं विचारलं नाही, मेल आले ते ढेकणांचेच, आणि जवळपास प्रत्येकाने शेवटी लिहिलंय की ताई नाव छापू नका. नाही छापत. पण एवढं लाजण्यासारखं यात खरंच काही नाहीये. ढेकणाला खरकटं नको, कचरा नको, त्याला फक्त माणसाचं रक्त लागतं आणि दिवसा लपायला एखादी फट, त्यामुळे रोज फरशी पुसणाऱ्या घरातही ते होतात आणि महागड्या टॉवरमध्येही होतात. लोक लाजेपायी दोन-तीन महिने गप्प बसतात आणि तेवढ्या वेळात एका कॉटचे ढेकूण अख्ख्या मजल्यावर जातात, हे मी या कामात इतक्या वेळा बघितलंय की आता कोणी पहिल्याच आठवड्यात फोन केला तर मला खरंच बरं वाटतं.

प्रश्न : ताई, मी एमपीएससीची तयारी करतो, पुण्यात नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहतो, खोलीत आम्ही चौघं. महिनाभर रोज सकाळी माझ्या हातावर आणि पाठीवर गांध्या उठतायत, बाकी तिघांना काहीच नाही, म्हणून ते म्हणतात तुला ॲलर्जी आहे. परवा गादीखाली एक ढेकूण दिसला. मालक काकांना सांगितलं तर ते म्हणाले तूच गावाहून आणलेस, खर्च तू कर नाहीतर खोली सोड. काय करू?

सगळ्यात आधी, फक्त तुलाच गांध्या उठतायत याचा अर्थ फक्त तुलाच चावतायत असा होत नाही. ढेकूण चावताना जी लाळ सोडतो तिची प्रत्येकाच्या अंगावर वेगळी रिॲक्शन येते, काहींना तर अजिबात येत नाही, काहींना चावल्यावर काही दिवसांनी उठतं. एकाच पलंगावर झोपणाऱ्या नवरा-बायकोत एकाचं अंग भरलेलं आणि दुसऱ्याला पत्ताच नाही असं हमखास बघायला मिळतं. तेव्हा तिन्ही मित्रांना समोर बसव आणि सांग की चारही कॉट तपासायच्यात, आज रात्रीच.

तपासायचं कसं ते नीट सांगते कारण इथेच लोक चुकतात, चादर झटकतात, काही दिसलं नाही की सोडून देतात. मोबाईलचा टॉर्च घे आणि एखादं जुनं एटीएम कार्ड घे. गादी उभी कर, तिच्या चारही कडांना जी शिवण असते ती बोटाने उलगडून बघ, कोपरे बघ, खालची बाजू बघ. मोठा ढेकूण मसुराच्या दाण्याएवढा असतो, चपटा, तांबूस तपकिरी, आणि रक्त प्यायलेला असेल तर फुगलेला आणि लालसर. पिल्लं फिकट पिवळसर असतात, पटकन दिसत नाहीत, अंडी तर जेमतेम १ मिलिमीटरची पांढरी आणि चिकटवलेली असतात. ढेकूण नाही दिसला तरी काळे ठिपके बघ, ओल्या फडक्याने पुसले आणि तांबूस काळपट पसरले तर ती ढेकणाचीच विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. मग कॉटकडे वळ. लोखंडी कॉट असेल तर पाइपच्या टोकाला प्लॅस्टिकचं काळं बूच असतं ना, ते पक्कडने ओढून काढ आणि आत टॉर्च मार. मी अशा कितीतरी कॉट बघितल्यात की वरून ताजा रंग मारलेला, गादी नवी, आणि बूच काढलं की आत कातींचा चुरा आणि चिकटलेली अंडी, आणि तिथूनच रोज रात्री बाहेर येणं चालू. वेल्डिंगच्या जोडाजवळच्या फटी, नटबोल्टची भोकं, प्लायची फळी जिथे अँगलवर टेकते ती कड, सगळीकडे कार्ड फिरव. त्यानंतर कॉटशेजारची भिंत, स्विचबोर्डची कड, कॅलेंडरच्या मागे, पुस्तकांच्या बांधणीत, बॅगेच्या चेनपाशी. तुमच्याकडे पुस्तकांचे गठ्ठे कॉटला लागूनच असतात हे मला माहितीये, ते पहिले लांब कर.

आता उपाय. लोखंडी कॉट असणं हे यात तुझं नशीबच, कारण ढेकूण उष्णतेला टिकत नाही. साधारण ५० अंशाच्या पुढे अंड्यासकट मरतो. कॉट गॅलरीत किंवा गच्चीवर न्या, फळी काढा, बुचं काढा आणि पाइपच्या आत, जोडांवर, भोकांत उकळतं पाणी ओता, दोन-तीन वेळा, हातापायाला भाजणार नाही असं सांभाळून. प्लायवर पाणी ओतू नका, ती फुगते, ती घासून पुसून तिच्या कडांवर औषध मारावं लागतं. चादरी, अभ्रे, कपडे गरम पाण्यात ६० अंशावर धुवायचे, मशीन नसेल तर बादलीत कडक गरम पाण्यात बुडवून ठेवायचे आणि वाळल्यावर कडक इस्त्री, शिवणींवर जरा जास्त वेळ. धुतलेले कपडे पुन्हा त्याच कपाटात टाकायचे नाहीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवायचे. कापसाची जुनी गादी असेल आणि आत शिरलेत असं वाटत असेल तर ती टाका, पण टाकताना फाडा आणि प्लॅस्टिकमध्ये बांधून टाका, नाहीतर खालून जाणारा दुसरा कोणीतरी गरजू मुलगा ती उचलून आपल्या खोलीवर नेतो.

चौघांनी एकाच दिवशी करायचं. तू तुझी कॉट साफ केलीस आणि शेजारची तशीच राहिली तर आठवड्यात परत तुझ्याकडे येणार, ढेकणाला उडता येत नाही, उडी मारता येत नाही, पण चालतो भरपूर.

राहिला काकांचा मुद्दा. कुठून आले हे सिद्ध करणं जवळपास अशक्य आहे. गावच्या ट्रंकेतून येऊ शकतात, स्लीपर कोचच्या बर्थवरून येऊ शकतात, तुझ्या आधी त्या कॉटवर झोपणाऱ्या मुलाकडून येऊ शकतात, शेजारच्या खोलीतून येऊ शकतात. काकांनाही माहीत नाही आणि तुलाही नाही. काकांशी वाद न घालता त्यांना एवढंच म्हण की काका, कॉट आणि गादी तुमची आहे, खोल्या तुमच्या आहेत, मी गेलो तरी ढेकूण इथेच राहणार आणि पुढच्या मुलाला चावणार, तेव्हा पेस्ट कंट्रोल सगळ्या खोल्यांचं मिळून करू, आम्ही मुलं सामान हलवू, धुलाई करू, साफसफाई करू, फवारणीचा खर्च तुम्ही करा. बहुतेक मालक या बोलण्यावर येतात, कारण त्यांनाही पुढच्या ॲडमिशनच्या सीझनला खोली रिकामी ठेवायची नसते. आणि जे बोलणं होईल ते व्हॉट्सॲपवर लिहून पाठव, फोटो आणि तारखेसकट. तुझ्याकडे बहुतेक रजिस्टर केलेला करार नसेल, कॉट बेसिसवाल्यांकडे सहसा नसतोच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला असायला हवा आणि ती जबाबदारी मालकाची, तसा नसेल तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. 'पेस्ट कंट्रोल तुमच्याकडेच ठरलं होतं' असं तोंडी कोणी म्हणालं तर एवढं लक्षात असू दे. पण त्यासाठी भांडायला जाऊ नकोस, परीक्षा जवळ आलीये, झोप महत्त्वाची.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीत भाड्याने राहतो, आठ महिन्यांचं बाळ आहे. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं, त्याने अर्ध्या तासात फवारणी केली, किचनमध्ये जेल लावलं आणि गेला. दहा दिवस छान गेले आणि आता परत ढेकूण. तो म्हणतो नवीन आलेत, परत पैसे भरा. बाळाला काही रोग होईल का ही पण भीती वाटते.

बाळाचं आधी. ढेकूण चावल्याने माणसाला एखादा रोग लागतो असं घरातल्या ढेकणांच्या बाबतीत सिद्ध झालेलं नाहीये, डासासारखं ते प्रकरण नाही. त्रास होतो तो खाजेचा, झोप मोडण्याचा, आणि खाजवून जखम झाली तर ती चिघळण्याचा. बाळाची नखं कापून ठेवा, चट्टे लाल होऊन गरम लागायला लागले किंवा पू दिसला तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि मनाने कुठलंही मलम लावू नका.

आता फवारणीचं. दहा दिवसांनी परत दिसले म्हणता तिथेच सगळं आलं. ते बहुतेक नवीन आलेले नाहीत, अंड्यातून निघालेले आहेत. मादी दिवसाला १ ते ५ अंडी घालते, आयुष्यात २०० च्या पुढे जातात, आणि आपल्या हवेत ती आठवडा-दहा दिवसांत फुटतात. बहुतेक औषधं अंड्यावर फारसं काम करत नाहीत, म्हणून पहिल्या फवारणीनंतर १०-१४ दिवसांनी दुसरी लागतेच, कारण तोपर्यंत पिल्लं बाहेर आलेली असतात पण मोठी होऊन अंडी घालायला लागलेली नसतात. पिल्लू मोठं व्हायला पाच वेळा कात टाकतं आणि प्रत्येक वेळी त्याला रक्त लागतं, या सगळ्याला पाच-सहा आठवडे तरी जातात. दुसरी फवारणी त्या आत झाली पाहिजे, जास्त झालेले असतील तर तिसरीही. ज्याने पहिल्याच वेळी हे सांगितलं नाही त्याला एकतर माहीत नाही किंवा सांगायचं नाही. आणि जेल हे झुरळांचं खाणं आहे, ढेकूण ते तोंडातही घालत नाही, त्याला फक्त रक्त. किचनमध्ये जेल लावून ढेकणांचे पैसे घेतले असतील तर तुम्ही त्याला सरळ विचारा.

पुढच्या वेळी माणूस बोलवाल तेव्हा फोनवरच चार गोष्टी विचारून घ्या : कीटकनाशक कायद्याखालचा परवाना आहे का, औषध कोणतं मारणार त्याचं नाव काय, किती व्हिजिट धरून हे पैसे, आणि पलंग उघडून करणार की वरूनच मारणार. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो मला. बॉक्सचा दिवाण असतो आपल्याकडे, त्याच्या आत अख्खं घर भरलेलं असतं, जुन्या साड्या, पांघरुणं, पाहुण्यांच्या गाद्या, आणि माणूस येऊन बाहेरून फवारा मारून जातो. त्या दिवाणाच्या आतल्या कडेला लाकडी पट्टी ठोकलेली असते, पट्टी आणि प्लायच्या मधल्या फटीतच खरी वस्ती असते. दिवाण पूर्ण रिकामा करा, शक्य असेल तर सुताराला बोलावून पट्ट्या काढून घ्या. त्यातलं कापडी सामान धुऊन पिशवीबंद. गादी मालकाची आहे आणि टाकता येत नाही असं असेल तर तिला पूर्ण चेन असलेलं जाड कव्हर मिळतं, आतले ढेकूण आतच कोंडले जातात, पण ते कव्हर लवकर काढायचं नाही, वर्षभर तरी राहू द्या, कारण ढेकूण न खाता काही महिने सहज काढतो.

स्टीम मशीन असलेला माणूस मिळाला तर बाळाच्या घरासाठी मी तेच सांगेन, शिवणीवर आणि फटीवर हळूहळू वाफ फिरवायची, अंडी पण मरतात आणि औषधाचा वासही नाही. तरी औषध मारावंच लागलं तर बाळाच्या पाळण्यात, गादीवर, खेळण्यांवर मारू द्यायचं नाही, फवारणीच्या दिवशी बाळाला घेऊन आजीकडे जा, औषध पूर्ण वाळल्याशिवाय आणि खिडक्या चांगल्या काही तास उघड्या राहिल्याशिवाय घरात येऊ नका.

एक अजून, पलंग भिंतीपासून चार बोटं लांब ओढा, चादर जमिनीला टेकू देऊ नका. पायाखाली वाट्या ठेवतात तो जुना उपाय चांगला आहे पण वाटीत साबणाचं पाणी घाला, नुसती प्लॅस्टिकची वाटी नको, आपल्या गरम हवेत जो ढेकूण असतो तो गुळगुळीत प्लॅस्टिकवरही बऱ्यापैकी चढतो. रॉकेल घालायची पद्धत होती, ती नकोच, आगीची भीती. आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत झोपायला जाताय ना रात्री? ते थांबवा. ढेकूण माणसाच्या श्वासाचा आणि अंगाच्या उबेचा माग काढत येतात, तुम्ही खोली बदललीत की तेही बदलतात आणि एका खोलीचं काम दोन खोल्यांचं होतं.

प्रश्न : धान्यात टाकायच्या गोळ्या एका ओळखीच्या दुकानदाराने दिल्यात, म्हणाला रात्री खोलीत ठेवून दार लावून घ्या, सकाळी एकही ढेकूण राहणार नाही. वापरू का?

नाही. कृपा करून नाही. त्या अल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या आहेत, सेल्फॉस वगैरे नावाने लोक ओळखतात. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि त्यावर उतारा नाही, डॉक्टर फक्त लक्षणांवर उपचार करत राहतात. ढेकणांसाठी किंवा उंदरांसाठी या गोळ्या ठेवल्या आणि त्याच घरातली, कधी शेजारच्या घरातली माणसं, लहान मुलं गेली, अशा बातम्या आपल्याकडे पुन्हा पुन्हा येतात. दार लावून तो वायू अडत नाही, फटीतून, पाइपातून शेजारी जातो. या गोळ्या सुट्या, कोणालाही विकायला परवानगीच नाहीये, त्या सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्यांसाठी आहेत. घरात असतील तर डबी उघडू नका, पाण्यात टाकू नका, कचऱ्यातही टाकू नका, कोरड्या जागी, माणसांपासून लांब ठेवा आणि त्या दुकानदाराला परत द्या किंवा कृषी विभागाच्या कार्यालयात विचारा. आधीच खोलीत ठेवल्या असतील तर सगळ्यांना ताबडतोब बाहेर काढा, शेजाऱ्यांनाही, परत आत जाऊ नका आणि अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा. मळमळ, चक्कर, छातीत दडपण काहीही वाटलं तरी थेट मोठ्या हॉस्पिटलला जा आणि गोळीचं नाव सांगा.

नुवानबद्दल पण बऱ्याच जणांनी विचारलंय, म्हणजे डायक्लोरव्हॉस, जे पूर्वी घरोघरी ढेकणांवर मारायचे. ते भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहे. कोणी जुनी बाटली देत असेल तर घेऊ नका.

प्रश्न : मी नाशिकला असतो, कोथरूडचा माझा फ्लॅट अकरा महिन्यांच्या करारावर दिला होता, फर्निचरसकट. भाडेकरू गेल्यावर बेडरूममध्ये ढेकूण निघाले. डिपॉझिटमधून पेस्ट कंट्रोल आणि नव्या गादीचे पैसे कापू का? आणि पुढच्या भाडेकरूला सांगावं लागेल का?

काका, तुमच्या करारात पेस्ट कंट्रोलबद्दल काही लिहिलंय का हे आधी बघा. छापील मसुद्यात सहसा लाइट बिल असतं, मेंटेनन्स असतं, रंगाचं असतं, ढेकणांचं काही नसतं. कायद्यातही ढेकूण हा शब्द नाही, भाडे नियंत्रण कायद्याचं कलम १४ एवढंच म्हणतं की वेगळं काही ठरलं नसेल तर जागा राहण्यायोग्य दुरुस्तीत ठेवणं मालकाचं काम. आता तुमचा करार लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे भाडेपट्टा नाही तर जागा वापरायची फक्त परवानगी, त्यामुळे गोष्ट थोडी वेगळी, पण मुद्दा असा की डिपॉझिट कापायला तुमच्याकडे पुरावा पाहिजे की घर देताना ढेकूण नव्हते. चावी देताना बेड उघडून फोटो काढले होते का? पेस्ट कंट्रोलची पावती होती का? आणि त्या भाडेकरूने तुम्हाला आधी कधी कळवलं होतं का, आणि तुम्ही 'बघू' म्हणून सोडून दिलं होतं का? हे शेवटचं असेल तर एक पैसाही कापू नका, ते बरोबर होणार नाही. पुरावा नसेल तर माझं मत विचाराल तर फवारणीचा खर्च अर्धा-अर्धा करा आणि गादी तुमची तुम्ही बदला. ज्या भाडेकरूंचं डिपॉझिट यावरून कापलं जातं ते पुढच्या घरात ढेकूण झाले तर तोंड उघडत नाहीत, आणि मग नुकसान त्या पुढच्या मालकाचं.

घर बंद ठेवून ढेकूण मरतील असं समजू नका. दोन-चार महिने उपाशी राहिले तरी त्यातले काही टिकतात आणि नवा भाडेकरू आला की पहिल्याच रात्री बाहेर येतात. फर्निचर विकायचा विचार असेल तर तसंच ओएलएक्सवर टाकू नका, कोणीतरी नवं लग्न झालेलं जोडपं स्वस्तात घेऊन जाईल.

सांगावं लागेल का म्हणाल तर आपल्याकडे तसं बंधन घालणारा नियम नाही. न्यूयॉर्क शहरात आहे, तिथे २०१० पासून नवीन भाडेकरूला घर देताना मागच्या वर्षभरात त्या घरात आणि बिल्डिंगमध्ये ढेकूण झाले होते का हे मालकाला लेखी द्यावं लागतं. आपल्याकडे नियम नसला तरी मी म्हणेन सांगा, फवारणीच्या दोन्ही पावत्या दाखवा, तारखा दाखवा आणि म्हणा की शेवटच्या फवारणीनंतर मी पुन्हा तपासलंय, तरी काही दिसलं तर पहिल्या दिवशी मला फोन करा, खर्च माझा. हे वाक्य करारातही घाला : ताबा देताना घर ढेकूणमुक्त असल्याचं दोघांनी मिळून तपासलं, पहिल्या ६० दिवसांत ढेकूण आढळल्यास खर्च मालकाचा, त्यानंतर आढळल्यास भाडेकरूने सात दिवसांत कळवायचं आणि खर्च निम्मा-निम्मा. आकडे तुम्ही तुमच्या सोयीने बदला, पण 'कळवायचं' हा भाग काढू नका.

प्रश्न : मुलुंडला आमच्या सोसायटीत एका फ्लॅटमध्ये भाड्याने राहणाऱ्या नर्स मुलींकडे ढेकूण निघाले. कमिटीतले काही सदस्य म्हणतात त्यांना घर सोडायला लावा. मी सेक्रेटरी आहे.

सोडायला लावलं तर त्या ढेकूण पिशव्यांमधून पुढच्या बिल्डिंगमध्ये घेऊन जातील आणि उरलेले तुमच्याकडे राहतील, यात कोणाचा फायदा झाला? त्या मुलींनी सांगितलं म्हणून तुम्हाला कळलं, त्यांचे आभार माना. ढेकूण वायरिंगच्या पाइपातून, प्लंबिंगच्या डक्टमधून, कॉमन भिंतीच्या भेगांमधून शेजारी जातो, म्हणून त्या फ्लॅटच्या डावी-उजवीकडचे आणि वरचे-खालचे फ्लॅट आधी तपासून घ्या. तपासणी सगळ्यांची, फवारणी जिथे निघतील तिथे. लॉबीत पडलेले जुने सोफे आणि गाद्या हलवा, वॉचमनच्या केबिनमधली खाट आणि खुर्ची पण बघायला सांगा, ते सगळे विसरतात. एकत्र कंत्राट दिलं तर रेटही कमी लागतो. नोटीस बोर्डावर फ्लॅट नंबर लिहू नका. नंबर लिहिला की पुढच्या वेळी कोणी सांगायला येणार नाही.

प्रश्न : पूर्वी टिक ट्वेंटी हे ढेकणांचं औषध मारलं की ढेकूण संपायचे असं सासूबाई म्हणतात, आता काहीच का चालत नाही? खडू ओढले, डांबरगोळ्या ठेवल्या, कडुलिंबाचा पाला ठेवला, स्प्रेच्या बाटल्या संपवल्या.

सासूबाईंचं खोटं नाहीये. १९४० च्या दशकात डीडीटी हे कीटकनाशक आलं तेव्हा ढेकूण खरोखर धडाधड मरायचे, मलेरियावाले घरात फवारायला यायचे तेव्हा डासांपेक्षा ढेकूण मरतात म्हणून लोक खुशीने भिंती फवारू द्यायचे. पण थोड्याच वर्षांत ढेकणांवर त्याचा परिणाम होईना, १९४७ मध्येच हवाईच्या पर्ल हार्बरला असे ढेकूण सापडले होते, आणि आपल्याकडेही मग लोक फवारणीवाल्यांना दारातून परत पाठवायला लागले. आज बाजारातल्या बहुतेक स्प्रेमध्ये आणि खडूत जी औषधं असतात त्यांनाही बऱ्याच ठिकाणचे ढेकूण दाद देत नाहीत. ज्याच्या अंगावर थेंब पडतो तो एखादा मरतो, बाकीचे वासाने बिथरून दुसऱ्या फटीत जातात. धुराच्या डब्यांचंही तेच, धूर फटीच्या आत पोचत नाही. डांबरगोळ्या आणि कडुलिंब यांनी कपड्यातली कसर कमी होत असेल, ढेकूण नाही.

तुमच्या हातात असलेली खरी हत्यारं म्हणजे उष्णता, व्हॅक्यूम क्लीनर आणि फटी बुजवणं. व्हॅक्यूमचा चपट्या तोंडाचा पाइप लावून शिवणी, फटी ओढून घ्या आणि लगेच त्यातली पिशवी प्लॅस्टिकमध्ये बांधून बाहेर टाका, घरात ठेवू नका. प्लास्टरच्या भेगा, चौकटीच्या कडा व्हाइट सिमेंटने किंवा सिलिकॉनने भरून टाका, भाड्याचं घर असलं तरी एवढ्याला मालक नाही म्हणत नाही. गादी मे महिन्यात नुसती गच्चीवर टाकली तर वरची बाजू तापते आणि ढेकूण खालच्या बाजूला सरकून बसतात, त्यामुळे त्याच्यावर विसंबू नका. धुता न येणाऱ्या लहान वस्तू, चपला, सॉफ्ट टॉय, पर्स, पिशवीत बांधून डीप फ्रीझरला उणे १८ अंशावर चार दिवस ठेवल्या तरी चालतं, पण साध्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा तेवढा थंड होतोच असं नाही, थर्मामीटर ठेवून बघा. आणि शेवटचा ढेकूण दिसल्यानंतरही दोन महिने दर आठवड्याला टॉर्च आणि कार्ड घेऊन त्याच जागा परत तपासत राहा.